लेकरू घरातच वाढावं म्हणून: अडचणीतल्या मुलांसाठी कोण काय करतं, कुठे जायचं, कोणते कागद लागतात

"मॅडम, वो लोगां बच्चों कू ले जाते बोलते ना?"

देगलूरला माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या अम्मीने मला हा प्रश्न विचारला होता. तिचा नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर होता. तिथेच पडला, तिथल्याच दवाखान्यात वारला. मागे दोन लेकरं, भाड्याचं घर आणि साडीला फॉल-पिको करून मिळतील तेवढे पैसे. मुलगी आठवडी बाजाराच्या दिवशी शाळेत यायची नाही, पुढे पुढे इतर दिवशीही येईना. मी घरी गेले तेव्हा कळलं, बाल संगोपन योजनेबद्दल तिला कुणीतरी सांगितलं होतं, पण 'बालकल्याण समिती' हे नाव ऐकूनच ती घाबरली होती. समितीपुढे गेलो की पोरं उचलून नेतात, आश्रमात टाकतात, अशी मोहल्ल्यात समजूत. त्या भीतीत दीड वर्ष गेलं. दोन मुलांचे महिन्याला ४,५०० रुपये धरले तर ८१,००० रुपये होतात.

चूक एकट्या तिची नव्हती. मीही तिला नुसता अर्ज हातात दिला आणि नांदेडला पाठवलं. कोणता कागद कुठून काढायचा हे मलाच नीट माहीत नव्हतं. तीन वेळा बसभाडं खर्चून ती रिकाम्या हाताने परत आली. म्हणून हा लेख. यात योजना आहेत, पण त्याहून जास्त माणसं आहेत. मुलांसाठी काम करणं हाच ज्यांचा पेशा आहे, पगार ज्याचा मिळतो, अशी माणसं. ती कोण, ती काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

कायदा कोणत्या मुलाला अडचणीतलं मूल म्हणतो?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा मुख्य कायदा. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात दोन प्रकारची मुलं वेगळी केली आहेत. एक, ज्यांच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप आहे. त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. दुसरी, 'काळजी व संरक्षणाची गरज असलेली' मुलं; त्यांचं प्रकरण बालकल्याण समितीकडे जातं. अनाथ, सोडून दिलेली, भीक मागणारी, कामाला जुंपलेली, मारहाण वा अत्याचार सोसणारी, ज्यांचे आईबाप आजारामुळे किंवा इतर कारणाने सांभाळू शकत नाहीत अशी, आणि लग्नाचं वय होण्याआधी जिचं लग्न लावलं जाण्याची भीती आहे अशी मुलगी, ही सगळी दुसऱ्या प्रकारात येतात. मूल म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेली कोणतीही व्यक्ती.

आपल्याकडे वडील वारले की मूल यतीम. सरकारी भाषेत आई जिवंत असेल तर ते 'एक पालक असलेलं बालक'. शब्द वेगळा असला तरी मदतीचा हक्क दोघांनाही आहे. 'अनाथ नाही म्हणून मिळत नाही' असं कुणी सांगितलं तर मानू नका.

मग समिती मुलं घेऊन जाते का?

कायद्याच्या कलम ३ मध्ये तत्त्वं लिहिली आहेत. मुलाला सांभाळण्याची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. गरिबी आहे एवढ्यासाठी आईजवळून मूल काढायचं नसतं. उलट गरिबीमुळे मूल घराबाहेर पडू नये म्हणूनच दरमहा पैसे द्यायची सोय केलेली आहे. मूल घरातून हलवलं जातं ते घरातच त्याच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तेव्हा.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला असावीच लागते. महिन्यात किमान २० दिवस समितीने बसायचं असतं. तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, म्हणून तिथे आदेश निघतो. आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. समितीच्या कामाबद्दल तक्रार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मुलाचं म्हणणं ऐकून घेणं समितीवर बंधनकारक आहे.

त्या अम्मीला हे सगळं मी नंतर समजावलं. ती म्हणाली, "ये पहलेच कोई बोलता तो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कोण काय करतं: गावापासून जिल्ह्यापर्यंत

*अंगणवाडी सेविका.* सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला माणूस. वजन, उंची, दंडाचा घेर तीच मोजते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण समजतात. अशा मुलाला लगेच डॉक्टरला दाखवायचं. 'आमची पोरं बारीकच असतात' म्हणून सोडून द्यायचं नाही.

*आशाताई आणि शाळा तपासणीचं पथक.* राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतं. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, वाकडे पाय, ऐकू न येणं असं काही सापडलं तर पुढचे उपचार मोफत होतात. त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर तपासणी हुकते, म्हणून तारीख शाळेत विचारून ठेवा.

*शिक्षक.* आम्ही मुलाला रोज पाच-सहा तास बघतो. घरात काय चाललंय ते आधी वर्गात दिसतं. त्याबद्दल पुढे सविस्तर.

*बालविकास प्रकल्प अधिकारी.* तालुक्याच्या ठिकाणी अंगणवाड्यांचं काम बघणारा अधिकारी. तालुक्यात कुठे काय मिळतं याची चौकशी इथून सुरू करता येते.

*जिल्हा बाल संरक्षण कक्ष.* नांदेड जिल्ह्यासाठी नांदेडला, लातूरसाठी लातूरला. महिला व बाल विकास विभागाखाली हा कक्ष चालतो. त्यात संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि घरोघर जाणारे क्षेत्रीय कार्यकर्ते असतात. तुमच्या घरी येऊन 'गृहचौकशी अहवाल' लिहिणारा माणूस याच व्यवस्थेचा. तो आला की घाबरून 'सगळं ठीक आहे' म्हणू नका. भाडं किती, उधारी किती, मूल शाळेत जातं का, हे खरं खरं सांगा. समिती तोच अहवाल वाचून आदेश काढते.

*बाल कल्याण पोलीस अधिकारी.* प्रत्येक पोलीस ठाण्यात मुलांसाठी नेमलेला एक अधिकारी असतो. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, हातकडी घालता येत नाही. पोरगं चोरीच्या आरोपात सापडलं तरी त्याला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं.

*१०९८.* चाईल्डलाईनचा हा नंबर १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, आता सरकार चालवतं. दिवसरात्र चालू, फोन फुकट. मूलही लावू शकतं. आपल्या देगलूरच्या एका अंगाला तेलंगणा, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. मूल मदनूर किंवा औरादकडे सापडलं तरी हाच नंबर चालतो, आणि तिथली समिती प्रकरण आपल्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवू शकते.

पैशाची मदत

१. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना. राज्य सरकारची. एक किंवा दोन्ही पालक वारलेले, आईबाप विभक्त झालेले किंवा एकाने सोडून दिलेलं, पालक तुरुंगात, पालकांना गंभीर आजार, अशा घरातल्या १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. दरमहा प्रत्येकी २,२५० रुपये. आदेश बालकल्याण समितीचा लागतो.

२. मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व. यात केंद्राचा वाटा आहे. दरमहा ४,००० रुपये. विधवा, तलाक झालेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या आईची मुलं, आजी-मामा-चाचाकडे वाढणारी अनाथ मुलं यात बसतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतर ठिकाणी ९६,००० रुपयांच्या आत हवं. आपण कशात बसतो ते संरक्षण कक्षातच विचारा. 'अमुक योजना द्या' म्हणण्यापेक्षा घरची परिस्थिती सांगा.

३. आईसाठी. संजय गांधी निराधार योजनेत विधवा बाईला दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वर्षांचा कमावता माणूस वारला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये. तोही अर्ज तहसीललाच.

अर्जाला फी नाही. माझ्या ओळखीच्या दोन घरांकडून एका एजंटाने 'साहेबांना द्यावे लागतात' म्हणून पैसे घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. साहेबांना काहीही द्यावं लागत नाही.

कागद: आपली माणसं कुठे अडकतात

साधारण लागतात ते असे: मुलाचं व पालकाचं आधार, रेशन कार्ड, शाळेचा बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, मृत्यूचा दाखला, बँक पासबुक, मुलांचा पालकासोबत घरासमोर काढलेला फोटो. यादी सोपी दिसते. पण तीन ठिकाणी गाडी अडते.

*मृत्यूचा दाखला.* माणूस जिथे वारला तिथल्याच नोंदणी कार्यालयात मृत्यूची नोंद होते, जिथे दफन झालं तिथे नाही. आमच्या त्या अम्मीने देगलूरला चकरा मारल्या, दाखला मात्र हैदराबादहून काढायचा होता. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंद दवाखाना कळवतो, आपण दाखला घ्यायचा. घरी झाला तर घरच्यांनी कळवायचं. मुदत २१ दिवस. आता बघा, इद्दत चार महिने दहा दिवसांची, म्हणजे ही मुदत इद्दतीतच संपते. पण नोंद करायला बायकोनेच गेलं पाहिजे असं नाही. भाऊ, दीर, मोहल्ल्यातला कुणीही जबाबदार नातेवाईक जाऊ शकतो. जनाज्याला शंभर माणसं येतात. त्यातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावं. वर्ष उलटलं की नोंदीसाठी अधिकाऱ्याचा वेगळा आदेश लागतो आणि काम लांबतं.

*नाव.* शाळेच्या रजिस्टरला 'शेख फातिमा शेख महेबूब', आधारवर 'फातिमा महेबूब शेख', बाळंतपण माहेरी झालं म्हणून जन्मदाखला तेलंगणाचा आणि त्यावर तिसरंच स्पेलिंग. प्रत्येक कागदावर नाव एकसारखं करून घ्या. मूल पहिलीत असतानाच करा, दहावीला नाही. शाळेत नाव घालताना आम्हाला आधार आणि जन्मदाखला दोन्ही दाखवा.

*बँक खातं.* खातं बंद पडलेलं किंवा आधारशी न जोडलेलं असेल तर मंजूर पैसे येत नाहीत.

आणखी एक. ही मदत मंजूर झाली की कायमची झाली असं नसतं. मूल शाळेत आहे का, परिस्थिती तीच आहे का, याचा आढावा होतो. दरवर्षी बोनाफाईड नेऊन द्या.

शाळा सुटू नये

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. टीसी यायला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही. मधे शाळा सुटली असेल तर वयानुसार वर्गात घ्यावं लागतं. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांनी मुख्याध्यापकांना आधी सांगावं. मूल गावातच नातेवाइकाकडे राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते, आणि मूल सोबत जाणार असेल तर तिथल्या शाळेत बसवण्यासाठी कागद देता येतो. न सांगता गेलात की आमच्या रजिस्टरला फक्त लाल शेरा राहतो.

मार, अत्याचार, कोवळ्या वयातलं लग्न

या गोष्टी आपण दाबतो, कारण इज्जत. पण दाबल्याने मूल एकटं पडतं.

शिक्षकांना आणि पालकांनाही मी जे सांगते ते इथे लिहिते. मूल अचानक गप्प झालं, वर्गात झोपतं, अंगावर वळ आहेत, एखाद्या माणसाचं नाव काढलं की घाबरतं, तर त्याला एकट्याने, शांतपणे बसून ऐका. 'तू काय केलंस?' असं विचारू नका. पुन्हा पुन्हा तेच वदवून घेऊ नका. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही' एवढं म्हणा. मूल जे शब्द वापरेल तेच तारखेसह लिहून ठेवा.

लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायदा, २०१२ लागू होतो, मुलगा असो की मुलगी. माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. शिक्षकाला, उस्तादाला, नातेवाइकाला, सगळ्यांना. या कायद्यात मुलासाठी सोयी आहेत. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घेतला जातो, शक्यतो महिला अधिकारी घेते, तिने गणवेशात यायचं नसतं. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. नाव किंवा फोटो छापणं, व्हॉट्सॲपवर फिरवणं गुन्हा आहे, 'न्याय मिळावा' म्हणून फिरवलं तरी.

आणि लग्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. हे सगळ्याच समाजांत आहे. माझ्या अनुभवात बाप वारला, की आईला मुलीची जबाबदारी 'उतरवायची' घाई होते. म्हणजे वर लिहिलेली दरमहाची मदत वेळेवर पोचली तर कितीतरी मुली आठवी-नववीत टिकतील. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ प्रमाणे मुलीचं वय १८, मुलाचं २१. लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून काझी साहेबांनी निकाहनामा लिहिण्याआधी वयाचा दाखला बघून घ्यावा. गावात ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला किंवा १०९८ ला कळवलं तर कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं.

कफालत, दत्तक आणि यतीमखाना

यतीमाचा सांभाळ हे आपल्याकडे मोठ्या सवाबाचं काम. हुजूर स्वतः यतीम होते. शरीअतमध्ये मुलाचा नसब, म्हणजे बापाचं नाव, बदलत नाही. सांभाळणाऱ्याने कफालत करायची. कायद्यातलं 'प्रतिपालकत्व' (कलम ४४) या कल्पनेच्या जवळचं आहे. मूल समितीच्या आदेशाने दुसऱ्या कुटुंबात राहतं, नाव आणि वारसा तोच राहतो. पूर्ण दत्तक घ्यायचं असेल तर तेही शक्य आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सांगितलं, की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते, आणि ज्याला आपल्या पर्सनल लॉप्रमाणे चालायचं त्याच्यावर सक्ती नाही. 'घेतलं आणि दिलं' असं तोंडी दत्तक मात्र करू नका. पुढे मुलाचा एकही कागद बनत नाही.

निराधार मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला, यतीमखान्यालाही, कलम ४१ खाली नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी नसेल तर चालकाला शिक्षा होऊ शकते. चंदा देण्याआधी नोंदणी क्रमांक विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे, मुलांची काळजी आहे.

मुलांना बाहेरगावी मदरशात पाठवणाऱ्यांनी ३० मे २०२३ चा प्रसंग लक्षात ठेवावा. बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ५९ मुलं दानापूर-पुणे एक्स्प्रेसने महाराष्ट्रातल्या मदरशांकडे निघाली होती. त्यांना भुसावळ आणि मनमाडला उतरवलं गेलं. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा लागला, ते सुमारे चार आठवडे तुरुंगात राहिले. मुलं बारा दिवस जळगाव आणि नाशिकच्या बालगृहांत होती. पुढे २०२४ मध्ये गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचं सांगून पोलिसांनीच प्रकरण बंद केलं. निर्दोष माणसं आत बसली, लेकरं घरापासून दूर रडली. त्या भीतीचा राग येतो, आणि यावाच. पण पुढच्या प्रवासाला निघताना काय करायचं ते आपल्या हातात आहे. प्रत्येक मुलाच्या आईबापाचं सहीचं संमतीपत्र, आधारची प्रत, मदरशाचं प्रवेशपत्र आणि पालकाचा चालू फोन नंबर सोबत ठेवा.

मोहल्ल्याने करायची चार कामं

जुम्याला मस्जिदीत एक फलक लावा: १०९८, तहसील, संरक्षण कक्षाचा पत्ता.

मयत झालेल्या घरी चाळिसाव्याच्या आधी एका माणसाने दाखल्याचं विचारावं.

अर्ज भरायला बारावी झालेल्या दोन पोरापोरींना बसवा. जकात आणि बैतुलमालचा पैसा तातडीच्या भाड्याला, औषधाला वापरा. दरमहाच्या खर्चाला सरकारी हक्काची मदत मिळवून द्या. दोन्ही मिळून घर उभं राहतं.

नांदेडला पहिल्यांदा जाणाऱ्या बाईसोबत कुणीतरी जा. हे सगळ्यात महत्त्वाचं. अर्ज देऊन मी मोकळी झाले होते, तिथेच मी चुकले होते.

चौथ्या वेळेस मी रजा टाकून त्या अम्मीसोबत गेले. हैदराबादचा दाखला तिच्या भावाने आणून दिला होता. समितीतल्या बाईंनी मुलीला जवळ बसवून विचारलं, कितवीत आहेस, काय आवडतं, घरी कोण कोण आहे. वीस मिनिटं झाली असतील. बाहेर आल्यावर मुलीने अम्मीचा हात धरला होता, आणि दोघी एसटी स्टँडकडे माझ्या पुढे चालत होत्या. आदेश पुढे काही महिन्यांनी आला. मुलगी आता बाजाराच्या दिवशीही शाळेत असते.